गोव्यातून सहकुटुंब परदेशी जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नर्स, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. जास्त भर नर्सिंगवर आहे, कारण गोव्यातून सर्वाधिक विचारणा तिथूनच होते. नोकरी एकाला मिळते, पण घर सगळ्यांचं हलतं. म्हणून प्रत्येक उत्तरात नोकरीसोबत नवरा-बायको, मुलं आणि मागे राहणारे आईवडील यांचाही विचार केला आहे. शुल्क आणि व्हिसाचे नियम बदलत असतात. पैसे भरण्याच्या दिवशी संबंधित सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहूनच भरा.

सुरुवात कशापासून करायची? इंग्रजीच्या परीक्षेपासून?

नाही, कागदपत्रांपासून. आयईएलटीएस किंवा ओईटीचा निकाल साधारण दोन वर्षंच चालतो. कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, कौन्सिलची पडताळणी, विवाह नोंदणीतली दुरुस्ती या गोष्टींना महिने जातात. आधी परीक्षा दिली आणि मग कागदांच्या मागे लागलात, तर निकालाची मुदत तुमच्या फायलीची वाट पाहण्यातच संपते. आधी कागद फिरते ठेवा आणि त्या काळात अभ्यास करा.

कागदपत्रांवर नावं वेगवेगळी आहेत. चालतील का?

चालत नाहीत, आणि गोव्यातल्या बहुतेक फायली इथेच अडकतात. कारणं तीन.

पहिलं, पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग. वडिलांच्या जन्मनोंदीत शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतं आणि तुमच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर 'एस-एच'ने. नाईकच्या शेवटी एका कागदावर 'के' असतो, तर दुसऱ्यावर 'क्यू-यू-ई'. गावांच्या नावांचंही तसंच. डिचोली म्हणजेच 'बिचोलिम' आणि पेडणे म्हणजेच 'पेर्नेम' हे आपल्याला माहीत असतं, पण लंडन किंवा दुबईत फाईल तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं आणि दोन वेगळी गावं वाटतात.

दुसरं, लग्नात बदललेलं नाव. आपल्याकडच्या अनेक हिंदू घरांत मुलीचं आडनावच नव्हे, तर पहिलं नावही बदलतात. मग डिप्लोमा माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर आणि पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. अजून पासपोर्ट काढला नसेल, तर तो शैक्षणिक प्रमाणपत्रांवरच्या नावानेच काढा आणि पतीचं नाव जोडीदाराच्या रकान्यात घाला. नाव आधीच बदललं असेल, तर जुनं आणि नवं नाव जोडणारा कायदेशीर कागद लागतो. नाव-आडनाव बदलासाठी गोव्याचा 1990 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या मार्गाने झालेला बदलच टिकतो. स्टॅम्प पेपरवरचं 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र इथल्या बँकेत चालून जातं. परदेशी नोंदणी मंडळ त्यावर थांबेलच असं नाही.

तिसरं, अर्धवट विवाह नोंदणी. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन वेळा सही करावी लागते. पहिली सही झाली, देवळात लग्न लागलं आणि दुसरी सही राहून गेली, अशी जोडपी आजही भेटतात. दुसऱ्या सहीशिवाय नोंदणी पुरी होत नाही, आणि विवाहाच्या दाखल्याशिवाय जोडीदाराला अवलंबित म्हणून सहसा व्हिसा मिळत नाही. हे आज रात्रीच कपाट उघडून तपासा.

मुलांचे जन्मदाखलेही काढून पाहा. आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. त्यात वर्षभराहून कमी काळ उरला असेल, तर व्हिसाच्या आधीच नवा करून घ्या.

शिक्षण बेळगावला झालं आणि नोकरी बांबोळीला. पडताळणी कोण करणार?

दोन्हीकडून लागेल असं धरून चाला. परदेशी मंडळाला तुम्ही शिकलात तिथल्या संस्थेकडून अभ्यासक्रमाचे तपशील आणि तुमची नोंदणी आहे त्या प्रत्येक नर्सिंग कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग' (नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला) लागतं. बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमधून बी.एस्सी. केली असेल, तर कॉलेज, गोवा विद्यापीठ आणि गोवा नर्सिंग कौन्सिल ही तिन्ही ठिकाणं ताळगाव-बांबोळी-पणजीच्या टप्प्यात येतात. बेळगाव किंवा कोल्हापूरला शिकला असाल, तर तिथल्या विद्यापीठाचे आणि कौन्सिलचे हेलपाटे स्वतः जाऊन एकदाच उरकावेत. फोनवर हे काम पुढे सरकत नाही.

ट्रान्स्क्रिप्टवर थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास वेगवेगळे दाखवलेले हवेत, आणि तेही विभागवार: मेडिकल, सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, समुदाय आरोग्य. नुसत्या गुणपत्रिका पाठवल्या तर फाईल परत येते. नोंदणीचं नूतनीकरण थकलं असेल, तर आधी ते करा. मुदत संपलेल्या नोंदणीवर गुड स्टँडिंग मिळत नाही. फिजिओ, रेडिओग्राफर आणि बायोमेडिकल सायंटिस्टना ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नोंदणी मंडळाकडे जावं लागतं. तिथे अभ्यासक्रमाचा सविस्तर आराखडा मागतात, तेव्हा कॉलेजकडून सही-शिक्क्याची पूर्ण प्रत घेऊन ठेवा.

प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली आहेत.

लॅमिनेशन काढावं लागेल. साक्षांकनाचा शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही. काढताना कागद फाटला तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवावी लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. यापुढे कोणतंही प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका.

क्रम असा: राज्य सरकारचं प्रमाणीकरण, नंतर परराष्ट्र मंत्रालय. अपोस्टिल (एकमेकांचे साक्षांकित कागद मान्य करण्याच्या) करारात असलेल्या देशांसाठी मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. सौदी अरेबिया 2022 मध्ये या करारात आला, ओमान आणि बहारिन त्याआधीपासून आहेत. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत करारात नाहीत, म्हणून तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. एजंट केवळ नर्सच्या पदवीचं काम करून देतात आणि विवाह व जन्मदाखले विसरतात. मग कुटुंबाच्या वेळी सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांचे कागद एकाच खेपेत पाठवा.

कुटुंबासकट जायचं तर कोणता देश?

पगाराच्या आकड्याआधी चार प्रश्न विचारा. कुटुंब पहिल्या दिवसापासून येऊ शकतं का? जोडीदाराला काम करता येतं का? मुलांची शाळा फुकट आहे का? आणि तिथे कायमचं राहता येईल का?

आखाती देश जवळ आहेत, कर नाही, परीक्षा तुलनेने लवकर होतात. पण शाळेची फी खिशातून जाते आणि नोकरी सुटली की राहण्याचा हक्कही जातो. चार-सहा वर्षं पैसे साठवून फोंड्याला किंवा म्हापशाला घर बांधायचं असा स्पष्ट बेत असेल, तर आखात उत्तम.

आयर्लंड कुटुंबासाठी आम्हाला सर्वांत सरळ वाटतं, तरी गोव्यात त्याची चौकशी कमीच होते. नर्स तिथल्या 'क्रिटिकल स्किल्स' यादीत येतात, त्या परवान्यावर कुटुंबाला लगेच बोलावता येतं आणि जोडीदाराला वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. अडचण दोन ठिकाणी. तिथल्या नर्सिंग मंडळाचं, म्हणजे एनएमबीआयचं, निर्णयपत्र हाती यायला वेळ लागतो, त्यानंतर इस्पितळात देखरेखीखालचं अ‍ॅडॅप्टेशन किंवा अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट पूर्ण करावी लागते. आणि भाड्याचं घर मिळणं फार कठीण झालं आहे. म्हणून आधी एकट्याने जाऊन घर मिळवणं आणि मग मुलांना नेणं हाच व्यवहार्य क्रम.

अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स ही नर्सिंगची परीक्षा आणि व्हिसास्क्रीन ही कागदपत्रांची पडताळणी पार केली, तरी भारतीयांची ईबी-3 (नोकरीवरच्या ग्रीनकार्डाची) रांग दहा वर्षांहून लांब आहे. मुलगा आज बारा वर्षांचा असेल, तर नंबर लागेपर्यंत तो अवलंबितासाठीची एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडू शकतो. जर्मनीला बी1-बी2 पातळीची जर्मन लागते. ती पणजीत नोकरी सांभाळून सहा महिन्यांत होते असं कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

आखातात जायला गोव्यातला कुठलाही एजंट चालतो का?

नर्ससाठी नाही. भारत सरकारने 2015 पासून असा नियम केला आहे की ईसीआर (नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागणाऱ्या) गटातल्या 18 देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून परवानगी लागते, पासपोर्ट ईसीएनआर (एरवी परवानगी न लागणारा) असला तरी. भरतीसुद्धा सरकारने नेमून दिलेल्या संस्थांमार्फतच होते. सहाही आखाती देश या 18 मध्ये आहेत. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ' हा सल्ला देणारा माणूस तुम्हाला कायद्याच्या संरक्षणाबाहेर नेतोय. पगार अडकला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर भारतीय वकिलातीकडे तुमची नोंदच नसते.

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात. दोन-तीन लाख रोख मागणारा पावती देणार नाही, आणि पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

डेटाफ्लो या कागद पडताळणाऱ्या कंपनीकडून 'पडताळणी होऊ शकली नाही' असं का येतं?

बहुतेक वेळा तुमचा दोष नसतो. डेटाफ्लोकडून जुन्या इस्पितळाला मेल जातो आणि तिथे उत्तर देणारं कोणी नसतं. लहान नर्सिंग होममध्ये हे हमखास होतं. अर्ज करण्याआधी जुन्या ठिकाणी प्रत्यक्ष जा, कोणत्या पत्त्यावर मेल येईल आणि कोण उत्तर देईल ते ठरवून घ्या. इस्पितळाचा स्वतःचा मेल पत्ता असेल तर बरं, जीमेलवर शंका घेतली जाते. अनुभवपत्रावरच्या तारखा, पगारपत्रकं आणि तुमचा बायोडेटा एकमेकांशी दिवसागणिक जुळायला हवेत.

एक वैद्यकीय गोष्ट आधीच करून घ्या. आखातासाठीच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण दिसला, तरी 'अनफिट' शेरा येऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि सीचंही तसंच. राजीनामा देण्याआधी, गाडी विकण्याआधी एक्स-रे आणि रक्ततपासणी खासगीत करून पाहा.

आखातात नवरा आणि मुलांना नेण्यासाठी किती पगार लागतो?

अमिरातीत कुटुंबाला स्पॉन्सर करायला महिना किमान 4,000 दिऱ्हाम, किंवा 3,000 दिऱ्हाम आणि राहण्याची जागा. ही कागदावरची पात्रता झाली. तेवढ्यात दुबईत दोन मुलांची शाळा आणि घरभाडं भागत नाही. ऑफर लेटरवर पगार, घरभत्ता आणि शिक्षणभत्ता वेगवेगळे लिहून घ्या. 'फॅमिली स्टेटस' आणि 'सिंगल स्टेटस' यांतला फरक सही करण्याआधी विचारा. सिंगलवर गेलात, तर करार संपेपर्यंत कुटुंबाचा विषय निघत नाही.

सौदीत खासगी क्षेत्रातल्यांना प्रत्येक अवलंबितामागे महिना 400 रियाल शुल्क आहे. नवरा आणि दोन मुलं मिळून वर्षाचे 14,400 रियाल. हे कोण भरणार हे करारात लिहिलेलं नसेल, तर तुम्हीच भरणार असं समजा.

ब्रिटनसाठी नर्सचे टप्पे आणि खर्च?

आधी इंग्रजी. ब्रिटनच्या नर्सिंग मंडळाला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. ओईटीमध्ये तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. ओईटीतलं लेखन म्हणजे रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र, त्यामुळे वॉर्डात मुरलेल्या नर्सला ते सोपं जातं. निबंध लिहिण्याची सवय सुटलेल्यांनी ओईटीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर पात्रता-मूल्यमापन 140 पौंड, संगणकावरची सीबीटी 83 पौंड, तिथे गेल्यावर प्रात्यक्षिकाची ऑस्की 794 पौंड आणि नोंदणी 153 पौंड. एकूण 1,170 पौंड. एनएचएसचे (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे) अनेक ट्रस्ट यातला मोठा भाग परत देतात. कधी आणि किती, ते ऑफरमध्ये पाहा. ऑस्कीत दहा स्टेशन असतात. आपल्या नर्स कौशल्यात कमी पडत नाहीत. अडतात त्या बोलून दाखवण्यात: रुग्णाची ओळख पटवणं, अ‍ॅलर्जी विचारणं, संमती घेणं, हात धुतल्याचं दिसू देणं. बांबोळीच्या भरलेल्या वॉर्डात हे सगळं मनातल्या मनात होतं, तिथे ते परीक्षकाला ऐकू यावं लागतं.

ब्रिटनला कुटुंब सोबतच न्यावं की नंतर?

नर्सना हेल्थ अँड केअर व्हिसावर कुटुंब नेता येतं. केअर वर्करना 11 मार्च 2024 पासून नेता येत नाही आणि 22 जुलै 2025 पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच बंद झाली आहे. 'केअर होममध्ये सुरुवात करा, नंतर नर्स व्हा' असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

या व्हिसाचा मोठा फायदा म्हणजे आरोग्य अधिभारातून पूर्ण कुटुंबाला सूट. इतरांना प्रौढामागे वर्षाला 1,035 आणि मुलामागे 776 पौंड भरावे लागतात. चौघांच्या कुटुंबाचे तीन वर्षांत 10,866 पौंड वाचतात. व्हिसाचं शुल्क मात्र माणशी वेगळं आहे. शिवाय जोडीदारासाठी 285, पहिल्या मुलासाठी 315 आणि पुढच्या प्रत्येकासाठी 200 पौंड बँकेत सलग 28 दिवस दिसावे लागतात. मालकाने हमी दिली तर त्याची गरज नाही. मामाकडून आदल्या आठवड्यात आणलेले पैसे त्यात धरत नाहीत. क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते, दाखला सहा महिने चालतो. म्हणून तपासणी आणि व्हिसाचा अर्ज जवळजवळ ठेवा.

आता वेळेचा प्रश्न. पहिली ऑस्की कामाच्या पहिल्या 12 आठवड्यांत द्यावी लागते आणि आठ महिन्यांत पास व्हावं लागतं. तोवर काही ठिकाणी पगारही खालच्या बँडचा (पगारश्रेणीचा) असतो. नोंदणीकृत नर्सच्या बँड 5 ची सुरुवात 2025-26 मध्ये इंग्लंडात 31,049 पौंडांपासून होती; कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन जाऊन हाती महिना साधारण 2,000 पौंड येतात. एकट्याच्या एवढ्या पगारात चौघांचं घर दक्षिण इंग्लंडमध्ये चालत नाही. जोडीदाराने पहिल्या महिन्यापासून मिळेल ते काम करायची तयारी ठेवली, तरच हिशेब जुळतो.

म्हणून आमचा सल्ला: एकाने आधी जावं, ऑस्की पास व्हावं, घर घ्यावं, आणि मग मुलांना न्यावं. साधारण चार ते सहा महिने. हा विरह सोपा नाही, विशेषतः लहान मूल असेल तर. पण ऑस्कीचा अभ्यास, नवी ड्युटी, एका खोलीत चौघं आणि शाळेत प्रवेश न मिळालेली मुलं हे सारं एकाच वेळी आलं की परीक्षा बिघडते, आणि परीक्षेवर सगळ्यांचा व्हिसा उभा असतो.

कायम वास्तव्यासाठी पाच वर्षं हे गणित धरून कर्ज काढू नका. ती मुदत दहा वर्षांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने मे 2025 मध्ये मांडला.

नवरा गोव्यातच राहणार. मी मुलांना घेऊन जाऊ शकते का?

ब्रिटनला सहसा नाही. दोन्ही पालक तिथे राहणार असतील, किंवा मुलाची संपूर्ण जबाबदारी एकट्या तुमच्यावर असेल, तरच मुलाला अवलंबित व्हिसा मिळतो. नवऱ्याचा धंदा मडगावात चालू आहे आणि तो वर्षातून दोनदा येईल, एवढं पुरत नाही. मूल अर्जाच्या दिवशी 18 वर्षांखालचं असायला हवं, हेही लक्षात ठेवा.

मुलांना सांभाळायला आजीला बोलावून घेतलं तर?

जवळपास प्रत्येक घराचा हाच बेत असतो. आजी व्हिजिटर म्हणून एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येऊ शकते. तिला कायमची नेण्याचा मार्ग ब्रिटनमध्ये जवळजवळ बंद आहे. तिच्या भरवशावर पाळ्या लावू नका. नर्सची लाँग डे पाळी साडेबारा तासांची, नर्सरी बहुधा सहाला बंद होते. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला 15 तास मोफत मिळतात, तेही वर्षाला 38 आठवडे. म्हणजे दोघांपैकी एकाचं काम नेहमी शाळेच्या वेळेत बसणारं हवं. हे इथे असतानाच ठरवा.

पोर्तुगीज पासपोर्ट केला तर सगळं सोपं होईल ना?

अर्धंच. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, हे खरं. पण ब्रिटनमध्ये 2020 अखेर युरोपीय संघाची मुक्त ये-जा संपली, त्यामुळे त्या पासपोर्टवर आता तिथे नव्याने नोकरी करता येत नाही. इतरांसारखाच व्हिसा लागतो. आयर्लंड, पोर्तुगाल, जर्मनी इथे मात्र राहण्या-काम करण्याचा हक्क मिळतो आणि कुटुंबालाही सोबत नेता येतं.

नागरिकत्व बदललं, तरी शिक्षण गोव्यातलंच राहतं. एनएमबीआय तुमची पदवी भारतीय म्हणूनच तपासणार. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही: परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की 1955 च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. मतदान, सरकारी नोकरी, शेतजमीन विकत घेणं हे सगळं जातं. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा आरोग्य खात्यात कायम असलेल्या माणसाने हे पाऊल वकिलाशी बोलल्याशिवाय टाकू नये.

सरकारी नोकरीत आहे. राजीनामा कधी द्यायचा?

व्हिसा हातात आल्यावर. पासपोर्टसाठी कार्यालयाला आगाऊ कळवणं किंवा ना हरकत दाखला आधीच करून ठेवा. राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही. वीस वर्षं सेवा झाली असेल, तर स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग आधी पाहा, कारण त्यात पेन्शन टिकतं. आस्थापना विभागात लेखी विचारा, कॉरिडॉरमधल्या सल्ल्यावर जाऊ नका.

मुलांच्या शाळेचं काय?

इंग्लंडमध्ये शालेय वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि 31 ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण केलेलं मूल रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) जातं. सरकारी शाळा फुकट. मधल्या काळात पोचलात, तर तिथल्या स्थानिक कौन्सिलकडे (नगरपालिकेकडे) अर्ज करायचा. जवळच्या शाळेत जागा नसेल तर लांबची मिळते. आखातात भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांबरोबर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी घ्या, आणि अमिरातीसाठी पुढचं साक्षांकनही. नववी ते बारावीच्या मधे मूल हलवू नये, शक्य असेल तर परीक्षा आटोपूनच न्यावं. लसीकरणाचं कार्ड मूळ घेऊन जा.

मागे राहणारे आईवडील आणि घर-जमीन?

आईवडिलांचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते पाहा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाखांचं संरक्षण आहे. तुमची नावं त्याच कार्डावर असतील, तर पुढच्या नूतनीकरणाला कोण जाणार ते ठरवून ठेवा.

गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची समाईक होते आणि स्थावर विकायला दोघांची सही लागते. म्हणून कुलमुखत्यारपत्र दोघांनीही द्यावं, आणि ते निघण्यापूर्वी इथेच करावं. परदेशातून केलं, तर ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं, आणि ही तारीख बहुतेकांकडून चुकते. अधिकार मर्यादित ठेवा: वीज-पाणी, घरपट्टी, बँक. विक्रीचा अधिकार देऊ नका. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही.

सामानात काय नेऊ नये?

आखातात जाताना खसखस अजिबात नको. अमिरात, सौदी, कतार इथे ती अमली पदार्थांत धरतात आणि तिच्यामुळे लोकांना अटक झालेली आहे. शाकुतीच्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर असते, काही लाडवांत असते. आई प्रेमाने डबा भरते, म्हणून बॅग स्वतः तपासा. ट्रॅमाडोल किंवा कोडीन असलेली औषधं अमिरातीच्या आरोग्य मंत्रालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय नेऊ नका. बाकीची नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ब्रिटनला मांस आणि दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे चोरीस, पेढे, घरचं तूप इथेच ठेवा. आमसुलं, तिरफळं, मसाले नेता येतात. शाकुतीचा मसाला ब्रिटनला खुशाल न्या. मूळ कागदपत्रं कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका.